मदत हवी आहे: लेक भाजी खात नाही

नमस्कार, आम्ही इंदूरचे. लेक ४ वर्षांची. पोह्यांवर शेव-जीरावन (इथला चटपटीत मसाला) आवडीने खाते, भुट्ट्याचा कीस वाटीभर संपवते; पण ताटात दुधी किंवा गिलकी (आपलं घोसाळं) दिसलं की तोंड घट्ट मिटते. थालिपिठात पालक लपवला, तो चालला. पण लपवलेल्या भाजीची तिला ओळख कशी होणार? नवी चव रुळायला ती ८-१५ वेळा समोर यावी लागते, म्हणून जबरदस्ती न करता रोज चमचाभरच वाढते.

सासूबाई मात्र मायेने म्हणतात, "एक घास खा, मग जिलबी देते." त्यामुळे भाजी तिला शिक्षाच वाटते. त्यांना न दुखवता हे कसं सांगू? आणि मटार सोलायला, मेथी निवडायला सोबत बसवून कुणाची मुलं खायला लागली का? कृपया सांगा.