एलिझाबेथ रायन: विम्बल्डनची विजेतेपदं 12 की 19?

बेसलाइन: 1934 साली मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनवर सामना जिंकला. त्याच स्पर्धेत महिला दुहेरी जिंकली ती अमेरिकेच्या एलिझाबेथ रायनने. तिची विम्बल्डन विजेतेपदं कुठे 12 लिहितात, कुठे 19. खरा आकडा कोणता? आणि फ्रान्सची अव्वल खेळाडू सुझान लेंग्लेन जोडीला होती म्हणून ती जिंकली, यात कितपत तथ्य आहे?

गवतकोर्ट: दोन्ही आकडे खरे. महिला दुहेरी 12, मिश्र दुहेरी 7, एकूण 19.

महिला दुहेरीचं पहिलं 1914 मध्ये अगाथा मॉर्टनबरोबर. मग लेंग्लेनबरोबर 1919 ते 1923 सलग पाच, शिवाय 1925. नंतर 1926 मेरी ब्राउन, 1927 आणि 1930 हेलन विल्स, 1933 आणि 1934 सिमोन मात्यू. म्हणजे निम्मी लेंग्लेनशिवाय! 1924 मध्ये आजारी लेंग्लेनने स्पर्धा अर्धवट सोडली. त्याआधी एकेरीत तिच्याकडून 8-6 असा सेट काढला होता तो रायननेच. 1926 ला जोडीदार फ्रेंचच हवी या फ्रेंच संघटनेच्या आग्रहामुळे लेंग्लेन दिदी व्लास्तोबरोबर उतरली आणि रायन-ब्राउन जोडीने त्यांना हरवलं. आणखी काय पुरावा हवा?

बेसलाइन: पटलं. मग एकेरीत एकही का नाही?

चॉपव्हॉली: कारण तिच्या चॉप या फटक्यातच आहे. रॅकेट किंचित उघडी धरून चेंडू वरून खाली कापायचा. उलटी फिरकी घेतलेला चेंडू गवतावर उसळत नाही, सरपटत जातो. समोरचीला गुडघे वाकवून तो खालून उचलावा लागतो, तो नेटवर तरंगतो आणि रायन व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारून, गुण संपवते. दुहेरीत बाजू सांभाळायला जोडीदार असते. एकेरीत मात्र चॉप हळू पडतो, प्रतिस्पर्धीला पाय जुळवायला वेळ मिळतो आणि नेटवर आलेल्या खेळाडूच्या दोन्ही बाजू मोकळ्या. लेंग्लेन आणि विल्ससारख्या अचूक फटके मारणाऱ्यांपुढे हे चालणार नव्हतं: 1921 ला लेंग्लेनकडून 6-2, 6-0, 1930 ला विल्सकडून 6-2, 6-2.

खरी हळहळ वाटते ती 1926 च्या अमेरिकन अंतिम सामन्याची. मोला मॅलरीविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये 4-0 आघाडी, मॅच पॉइंटही हातात, आणि सेट गेला 9-7.

गवतकोर्ट: एक भर. 19 चा विक्रम बिली जीन किंगने 7 जुलै 1979 रोजी मोडला; रायन आदल्याच दिवशी वारली. पण किंगच्या 20 मध्ये एकेरीची 6 आहेत. नुसती दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरली तर किंगची 14, रायनची 19.