गोल्फ : क्लबहेडचा वेग मनगटाच्या झटक्यातून येत नाही

धागाकर्ता : "शेवटी मनगटाचा झटका मारा" हा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे. हिशेब करून पाहा. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब फटक्यासाठीचा क्लब (गोल्फची काठी). त्याचं क्लबहेड, म्हणजे चेंडूला लागणारं टोक, साधारण २०० ग्रॅमचं. कसलेला व्यावसायिक ते ताशी १८० किमी, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने आणतो. गतिज ऊर्जा २५० ज्यूल. डाउनस्विंग, म्हणजे वर नेलेला क्लब चेंडूपर्यंत खाली आणण्याचा टप्पा, जेमतेम पाव सेकंदाचा, म्हणजे सरासरी १००० वॅट, एक अश्वशक्तीहून जास्त! मनगटाच्या स्नायूंचा हा घास नाही. हे काम मांड्या, नितंब आणि पाठ करतात. मनगट ही बिजागरी.

हिरवळकर : म्हणजे ताकदच ना? अमेरिकी गोल्फपटू ब्रायसन डिशँबोने वजन आणि ताकद वाढवली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये विंग्ड फूटच्या मैदानावर यूएस ओपन ही मोठी स्पर्धा सहा फटक्यांनी जिंकली. तंत्राचं एवढं कौतुक कशाला?

धागाकर्ता : ताकद लागतेच, नाही कोण म्हणतं? पण गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा, आणि तरी सगळ्यात लांब मारणाऱ्यांत त्याचं नाव असतं. कंबर, मग धड, मग हात, शेवटी क्लब हा क्रम बिघडला तर कमावलेली ताकद क्लबहेडपर्यंत पोचतच नाही.

जडत्व : झटका नाही, तर खाली येताना हातांच्या मागे राहिलेला, मनगटापाशी दुमडलेला क्लब सरळ कोण करतं? केंद्रोत्सारी (बाहेर ढकलणारं) बल म्हणू नका, ते भासमान आहे.

धागाकर्ता : रास्त प्रश्न. हात गोलाकार फिरताना ग्रिपला (क्लबच्या मुठीला) आत, केंद्राकडे खेचतात. क्लबचा गुरुत्वमध्य त्या ओढीच्या रेषेवर नसतो, म्हणून तीच ओढ क्लबला फिरवते. उलट दिशेने क्लब हातांना ओढतो, त्यामुळे आघाताच्या जरा आधी हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा क्लबमध्ये जाते. हाय-स्पीड चित्रणात हातांचं हे मंदावणं स्पष्ट दिसतं. चेंडूशी स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. तिथे मुद्दाम काही करायला वेळच नसतो.

जडत्व : ओढीचं पटलं. पण मनगट नुसती बिजागरी, हे नाही पटत. हात आणि क्लब हे एकाला एक जोडलेले दोन लंबक मानणाऱ्या, दुहेरी लंबकाच्या संगणकी प्रारूपांत, उशिरा आणि नेमक्या वेळी मनगटाने जोर दिला तर वेगात भर पडते.

धागाकर्ता : आणि तोच जोर लवकर दिला तर दुमडलेला क्लब आधीच सरळ होतो, चेंडूपाशी वेग घटतो. नवशिक्याच्या हातून नेमकं हेच होतं.

हिरवळकर : मग त्याला वेळ साधायला शिकवा. मनगट विसरायला सांगू नका.