‘क्ष-किरण’, ‘तज्ज्ञ’ आणि ‘तंत्रज्ञ’

‘एक्स-रे’ हा शब्द मराठीत इतका रुळल्यावर ‘क्ष-किरण’ची गरज उरली आहे का, आणि ‘क्ष-किरणतज्ज्ञ’ नेमके कोणाला म्हणावे, असे दोन प्रश्न चर्चेला आले आहेत. सरकारी रुग्णालयांत मी २६ वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम केले असल्यामुळे हे दोन्ही शब्द माझ्या रोजच्या वापरातले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यात मात्र दरवर्षी कित्येक मुलांची दिशाभूल होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

विल्हेल्म कोन्राड रोंटगेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबर्ग येथे आढळले. त्यांचे स्वरूप ठाऊक नसल्यामुळे बीजगणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्यांनी या किरणांना दिले. पुढे २३ जानेवारी १८९६ रोजी त्यांच्या जाहीर व्याख्यानानंतर या किरणांना रोंटगेन यांचेच नाव द्यावे अशी सूचना झाली आणि जर्मन भाषेत ते आजही रोंटगेन-किरण आहेत. इंग्रजीने ‘एक्स’ ठेवला आणि आपल्याकडे तोच आला. मराठीत अज्ञात राशीसाठी ‘क्ष’ मानण्याची पद्धत होतीच. शिवाय ‘एक्स’मध्ये जे दोन ध्वनी जोडलेले आहेत, जवळजवळ तेच ‘क्ष’ या जोडाक्षरात आहेत. अर्थ आणि उच्चार दोन्ही इतके जुळून आलेला प्रतिशब्द क्वचितच सापडतो, त्यामुळे तो टाकून देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र बोलताना कोणीही ‘छातीचे क्ष-किरण काढले’ असे म्हणत नाही. मराठीने या दोन शब्दांची आपापसांत वाटणी करून टाकली आहे: यंत्राच्या नळीतून निघतो तो क्ष-किरण आणि हातात मिळतो तो एक्स-रे. जुनी माणसे एक्स-रेलाही ‘फोटो’च म्हणत. ‘डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितलाय’ असे म्हणत चिठ्ठी पुढे करणारे आजोबा माझ्या खिडकीशी रोज येत असत. फोटोला आपण ‘छायाचित्र’ म्हणतो खरे, पण कॅमेऱ्याचे चित्र वस्तूवरून परतलेल्या प्रकाशाचे असते. खरोखरीचे छायाचित्र एक्स-रेच आहे, कारण शरीराने जे किरण अडवले त्यांची ती सावली असते. हाडातले कॅल्शियम किरण अडवते म्हणून हाड पांढरे दिसते, तर फुप्फुसातल्या हवेतून ते सहज पार जातात म्हणून फुप्फुस काळे दिसते. ‘छातीत डाग आहे’ हे ऐकून रुग्णाचे नातेवाईक फिल्म उजेडाकडे धरून काळा ठिपका शोधू लागतात, तेव्हा क्षयाचा डाग पांढुरका असतो हे त्यांना बोट ठेवून दाखवावे लागते.

क्रियापदांतही भाषेने नेमका फरक केला आहे. एक्स-रे ‘काढतात’, जसे चित्र काढतात. सोनोग्राफी ‘करतात’, कारण तिथे डॉक्टर पोटावर यंत्राचे टोक फिरवत असताना जे पडद्यावर हलताना पाहतात तीच तपासणी असते, आणि छापून मिळणारे चित्र हा तिचा एक तुकडा असतो. फिल्म अंधाऱ्या खोलीत ‘धुतली’ जाई. आता यंत्रे डिजिटल झाली, तरी आमच्यातले जुने लोक अजूनही ‘फिल्म धुतली का?’ असेच विचारतात.

अडचण दाराच्या पाटीपासून सुरू होते. पुष्कळ रुग्णालयांत ‘क्ष-किरण विभाग’ या एकाच पाटीखाली एक्स-रे, सीटी स्कॅन, सोनोग्राफी आणि एमआरआय या चारही तपासण्या होतात. यांपैकी क्ष-किरण पहिल्या दोहोंतच असतात. सोनोग्राफी श्राव्यातीत ध्वनीने होते, तर एमआरआय चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांनी होते. एकदा सात महिन्यांची गर्भवती बाई पाटी वाचून दारातूनच परत निघाली, कारण गरोदरपणी ‘किरण’ घ्यायचे नाहीत हे तिने पक्के ऐकले होते आणि तिला करायची होती सोनोग्राफी. तिची काळजी रास्त होती, चूक पाटीची होती. वर्तमानपत्रे यात ‘किरणोत्सर्ग’ या शब्दाने आणखी भर घालतात. किरणोत्सारी पदार्थ आपणहून किरण सोडत राहतो. क्ष-किरणांची नळी बटण सोडताच थांबते आणि साध्या एक्स-रेनंतर अंगात काहीही उरत नाही. इथे ‘रेडिएशन’साठी पाठ्यपुस्तकांत असलेला ‘प्रारण’ हा शब्द योग्य आहे आणि तो बातम्यांत यायला हवा.

आता दुसरा प्रश्न. ‘तज्ज्ञ’ म्हणजे ‘ते जाणणारा’, तत् आणि ज्ञ मिळून झालेला शब्द. म्हणून त्यात ‘ज्’ आणि ‘ज्ञ’ दोन्ही लागतात आणि ‘तज्ञ’ हे लेखन चुकीचे ठरते. ‘तंत्रज्ञ’ म्हणजे तंत्र जाणणारा. कानाला हे दोन शब्द इतके जवळचे आहेत की ‘क्ष-किरणतज्ज्ञ’ आणि ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ हे एकाच कामाचे दोन पगार असावेत असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात ते दोन वेगळे व्यवसाय आहेत. तज्ज्ञ म्हणजे रेडिओलॉजिस्ट: एमबीबीएस झाल्यावर तीन वर्षांची एमडी पदवी किंवा दोन वर्षांची पदविका घेतलेला, चित्र वाचून निदान लिहिणारा डॉक्टर. तंत्रज्ञ हा बारावी विज्ञाननंतर रेडिओग्राफीची पदवी किंवा पदविका घेतो आणि चित्र काढतो. माझ्या शेजारच्या मुलाने एका खासगी संस्थेच्या जाहिरातीत ‘तज्ज्ञ व्हा’ हे शब्द वाचून तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि आपण अहवालावर सही करू शकणार नाही हे त्याला दुसऱ्या वर्षी कळले. जाहिरातीतला तो एक शब्द त्या घराला फार महागात पडला.

म्हणून तंत्रज्ञाचे काम कमी मोलाचे आहे असे मुळीच नाही. छातीचा एक्स-रे काढताना रुग्णाची छाती समोरच्या उभ्या फलकाला टेकवून, हात कमरेवर आणि खांदे पुढे घ्यायला सांगावे लागते, म्हणजे पाठीची फावडी, म्हणजे खांद्यामागची रुंद हाडे, फुप्फुसावरून बाजूला सरकतात. गळ्यातले मंगळसूत्र किंवा काळी पोत काढून ठेवायला लावावी लागते, नाहीतर तिचे मणी फिल्मवर उमटतात. मग ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणून त्याच क्षणी बटण दाबायचे असते. यातले एक चुकले तर पुढचा तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी त्याला दिसत नाही. शिशाच्या एप्रनखाली छातीशी एक छोटा बिल्ला लावलेला असतो, त्यावरून आमच्या अंगावर किती प्रारण पडले हे मोजले जाते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे प्रारण मोजण्याचे एकक) ही त्याची मर्यादा आहे. आरोग्य खात्याच्या भरतीत ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ असेही पदनाम आढळते, आणि या कामाला लागणारे विज्ञान त्यात मान्य झाले याचा मला मनापासून आनंद आहे.

तिसरा व्यवसाय कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्यांचा. रेडिओलॉजिस्ट निदान करतो, किरणोपचार तज्ज्ञ उपचार करतो, आणि या दोघांच्या शिक्षणाच्या वाटा एमबीबीएसनंतर वेगळ्या होतात. आमच्या भागात रुग्ण या उपचाराला ‘शेक’ म्हणतात: ‘पंचवीस शेक झाले, पाच राहिले.’

माझी सूचना अशी आहे की ‘क्ष-किरण’ हा शब्द फक्त किरणासाठी राखावा, विभागाच्या पाटीवर ‘प्रतिमानिदान विभाग’ असे लिहून खाली प्रत्येक खोलीवर तपासणीचे रूढ नाव द्यावे, आणि रेडिओलॉजिस्टला ‘प्रतिमानिदान तज्ज्ञ’ म्हणावे, म्हणजे ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ या नावाशी त्याची गल्लत होणार नाही. ‘शेक’साठी आपल्या भागात दुसरा शब्द चालत असेल तर तो वाक्यासह अवश्य कळवावा.