अनुभव धागा: चार्जर्सची कार्सनमधली तीन वर्षं

१२ जानेवारी २०१७ ला चार्जर्स या अमेरिकन फुटबॉल टीमने सॅन डिएगो सोडून लॉस एंजेलिसला जात असल्याचं जाहीर केलं. १९६१ पासूनचं बिऱ्हाड हललं. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडला नवं स्टेडियम (सोफाय) उभं राहीपर्यंत, म्हणजे २०१९ च्या सीझनअखेरपर्यंत, टीमचा मुक्काम तिथल्याच कार्सन उपनगरातल्या सॉकर मैदानात होता. जेमतेम २७,००० खुर्च्या. सॅन डिएगोत सत्तर हजार माणूस मावायचं.

त्या तीन वर्षांत तिथे मॅच पाहिली असेल, किंवा मुद्दाम पाहिली नसेल, तर लिहा. आधी माझं सांगते.

१ जानेवारी २०१७ ला सॅन डिएगोतली शेवटची मॅच आम्ही कॅन्सस सिटीशी ३७-२७ ने हरलो. मुलगा गाडीत बसेपर्यंत रडत होता. कार्सनला पाऊल टाकायचं नाही असं तेव्हाच ठरवलं. पण आमचा क्वार्टरबॅक (चाली रचून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) फिलिप रिव्हर्सने घर सॅन डिएगोतच ठेवलं. गाडीत मागे बसून मॅचचे व्हिडिओ बघत तो सरावाला ये-जा करायचा. त्याचा करार संपत आला तसं मला राहवेना. २२ डिसेंबर २०१९ ला गेलो. चहूकडे समोरच्या टीमचा, रेडर्सचा, काळा रंग. २४-१७ ने हरलो. रिव्हर्स आत जाईपर्यंत मी आणि मुलगा उभे होतो.

टॉरन्सहून:
मला अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. नियम ओ की ठो माहीत नव्हते. ऑफिसातल्या एकाकडे जादा तिकीट होतं म्हणून १७ सप्टेंबर २०१७ ला सीझनमधल्या तिथल्या पहिल्याच मॅचला गेलो. समोर मायामी. मी कोल्हापूरचा, खासबागेत हौद्याजवळ बसून कुस्त्या पाहिलेल्या. इथेही तसंच वाटलं! दोन्ही लाइन एकमेकींवर आदळल्या की खांद्याच्या पॅडांचा आवाज थेट कानात. शेवटच्या क्षणी चार्जर्सचा किकर यंगव्हे कूची ४४ यार्डांची किक हुकली, १९-१७ ने हार. शेजारचे आजोबा डोकं धरून बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. मग पार्किंगपर्यंत चालताना त्यांनी मला 'डाउन' म्हणजे काय ते समजावलं. नंतर सोफाय स्टेडियमलाही गेलोय. सगळं भव्य आहे, पण वरच्या मजल्यावर तो आवाज पोचत नाही.

पिट्सबर्गहून:
१३ ऑक्टोबर २०१९. पाहुणे आम्ही, स्टीलर्सवाले, पण स्टेडियमभर आमचेच पिवळे टॉवेल. राखीव क्वार्टरबॅक खेळवून २४-१७ ने जिंकलो. मीही घसा बसेपर्यंत ओरडले. पुढच्या रांगेत चार्जर्सच्या फिकट निळ्या जर्सीतली एक लहान मुलगी होती. आमचा गलका झाला की दर वेळी मागे वळून बघायची. चौथ्या क्वार्टरला मी टॉवेल पर्समध्ये ठेवला.

मीरा मेसा, सॅन डिएगोहून:
मी गेलो नाही. शंभरेक मैलांचं अंतर, पण कारण ते नव्हतं. नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात हॉटेलांवरचा कर वाढवून इथेच चार्जर्ससाठी नवं स्टेडियम बांधायच्या विरोधात मी मत दिलं होतं. आजही तसंच देईन. टीव्हीवर मात्र तीन वर्षांत एकही मॅच चुकवली नाही.