रानडुकराच्या शिकारीची सुरी: दुधारी की एकधारी?

मूळ मांडणी: पोलादकाम

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये कुत्र्यांच्या मदतीने रानडुकरांची शिकार करण्याची पद्धत आहे. भुंकून अडवणारी कुत्री आधी डुकराला एका जागी रोखून धरतात, मग पकडणारी कुत्री त्याचे कान धरतात. अशा वेळी गोळी झाडली तर ती कुत्र्यालाच लागण्याची भीती असल्यामुळे शिकारी जवळ जाऊन सुरीने काम संपवतो. या एका कामासाठी सुरी कशी असावी, एवढाच माझा प्रश्न आहे. मी हौसेने सुऱ्या घडवतो आणि अशा शिकारीला जाणाऱ्या एका मित्रासाठी सध्या आराखडा काढत आहे. माझे मत बरेचसे ठरलेले आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी कारणांसह खोडून काढावे.

सुरी दुधारी असावी, पात्याची लांबी 18 सेंटिमीटर, मधल्या कण्याशी जाडी 5 मिलिमीटर, टोक बरोबर मध्यरेषेवर आणि गार्ड, म्हणजे मूठ आणि पाते यांच्या मधला आडवा अडथळा, दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असावा, असे मला वाटते. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातड्याखाली चिवट ऊतींचा जाड थर असतो. नरांच्या आपसातल्या झुंजीत एकमेकांच्या सुळ्यांपासून तो थर त्यांना वाचवतो, म्हणूनच शिकारी त्याला ढाल म्हणतात. हृदय छातीत बरेच खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते. कोपराच्या मागून शिरणाऱ्या पात्याला चिखलाने घट्ट झालेले केस, कातडे, चरबी आणि कधी या ढालीची कडा, एवढे सगळे पार करावे लागते. एकधारी पात्याची जाड पाठ तिथे कापत नाही, नुसती रेटत जाते. दुधारी पाते दोन्ही बाजूंनी वाट करत जाते, त्यामुळे जोर कमी लागतो आणि जनावराच्या यातनाही लवकर संपतात.

पोलाद 5160 घ्यायचे ठरवले आहे. त्यात सुमारे 0.6 टक्के कार्बन आणि 0.8 टक्के क्रोमियम असते आणि गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी ते वापरले जाते, म्हणजे धक्का सोसण्याबद्दल शंका नको. पाणी देऊन, मग तापवून उतरवून कठीणपणा रॉकवेल सी मापावर 57 च्या आसपास ठेवीन. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून करण्याचा विचार आहे. सोलायला आणि फाडायला दुसरी छोटी सुरी ठेवावी. एका पात्याकडून दोन कामे मागितली की दोन्ही अर्धवट होतात.

प्रतिसाद: रानवाट

आपले शरीररचनेचे वर्णन बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी अशा शिकारीत काही हंगाम प्रत्यक्ष काम केले आहे. आराखड्याच्या कागदावर सुरी आणि डुक्कर एवढेच असते. जागेवर मात्र दोन कुत्र्यांची डोकी डुकराच्या मानेशी असतात, एकाचा पाय पोटाखाली अडकलेला असतो, आपण डाव्या हाताने मागचा पाय उचलून धरलेला असतो आणि सगळे एकदम हलत असते. पाते आत जाताना कुणालाच लागत नाही. लागते ते बाहेर येताना, कारण त्या वेळी डुक्कर अंग झटकते आणि हात कुठे जाईल हे आपल्या स्वाधीन राहत नाही. एकदा दुधारी सुरी ओढून काढताना तिच्या वरच्या धारेने माझ्या गुडघ्यावरची जाड पँट वीतभर उभी फाटली. आत कातडीवर नुसती लाल रेघ उठली, तेवढ्यावर निभावले. तिथे माझ्या गुडघ्याऐवजी कुत्र्याचा गळाही असू शकला असता. त्या दिवसापासून मी एकधारी सुरीच वापरतो.

लांबीबद्दलही मी असहमत आहे. कोपराच्या मागून हृदयापर्यंत पोहोचायला 15 सेंटिमीटर पाते पुरते. त्यापुढचे तीन सेंटिमीटर पलीकडच्या बाजूने बाहेर येण्याची किंवा झाडीत पळताना मांडीवर आपटण्याची सोय करतात. शिवाय काही ठिकाणी दुधारी पाते जवळ बाळगण्यावर कायद्याचे निर्बंध असतात, तेव्हा मित्र राहतो तिथले नियम आधी पाहून घ्यावेत.

आणि दोन सुऱ्यांचा आग्रह कशासाठी? पुढे थोडे उतरत्या पाठीचे, पोटाला, म्हणजे धारेच्या बाजूला, बेताची गोलाई असलेले पाते दोन्ही कामे नीट करते.

उत्तर: पोलादकाम

गुडघ्याचा प्रसंग वाचून थांबलो, हे कबूल करतो. बाहेर येणाऱ्या पात्याचा विचार मी पुरेसा केला नव्हता.

तरी जोराचा मुद्दा सोडवत नाही. भिजवलेल्या जाड चामड्याचे थर तराजूवर ठेवून मी दोन नमुने दाबून पाहिले, एक दुधारी आणि एक 5 मिलिमीटर सपाट पाठीचा. सपाट पाठीच्या नमुन्याला दर वेळी स्पष्टपणे जास्त जोर लागला आणि फाटलेल्या भोकाची वरची बाजू चेचल्यासारखी दिसत होती. सोलण्याच्या गोलाईचेही तेच आहे. पोटाची गोलाई वाढवली की टोक मध्यरेषेपासून सरकते आणि रेटताना पाते वळायला बघते.

प्रतिसाद: रानवाट

आपण सपाट पाठीशी तुलना केली, तिथेच गफलत आहे. एकधारी पात्याची पाठ पूर्ण जाड ठेवावी असे कुणीच म्हटलेले नाही. टोकापासून 6 ते 7 सेंटिमीटरपर्यंत पाठ दोन्ही बाजूंनी घासून निमुळती करावी, पण तिला धार लावू नये. बोट फिरवले तर कापणार नाही आणि कातड्यात मात्र सहज शिरेल, इतकीच ती असावी. तोच नमुना तराजूवर ठेवून पाहा. फरक बराच कमी होईल, याची मला खात्री आहे.

पोलादाबद्दलही एक विनंती आहे. 5160 चिवट आहे, यात वाद नाही, पण ते गंजते. शिकारीनंतर आधी कुत्र्यांच्या जखमा पाहायच्या असतात, मग डुक्कर वाहून न्यायचे असते. सुरी तशीच रक्ताळलेली म्यानात जाते आणि सकाळी पात्यावर तांबूस डाग दिसतात. 14सी28एन या सहज न गंजणाऱ्या पोलादामध्ये सुमारे 14 टक्के क्रोमियम असते, ते 58 च्या आसपास ठेवले तर पुरेसे चिवट राहते आणि रानात साध्या दगडावर पाजळताही येते. डी2 हे पोलाद मात्र या कामाला घेऊ नये. त्याची धार टिकते, पण बरगडीवर आडवा ताण आला की टोकाची कपची उडण्याचा धोका जास्त.

प्रतिसाद: पशुचिकित्सक

आपण दोघे पात्यावर भांडत आहात आणि मूठ दोन शब्दांत उरकली आहे, हे मला खटकले. सुरी लागून येणाऱ्या ज्या जखमा मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक स्वतःचाच हात पात्यावर घसरल्यामुळे झालेल्या होत्या. टोक बरगडीला किंवा खांद्याच्या हाडाला अडते, पाते जागच्या जागी थांबते, पण मागून येणारा जोर थांबत नाही आणि ओल्या मुठीवरून बोटे पुढे सरकतात. त्याला उत्तर गार्डचेच. युरोपात रानडुकरासाठी वापरल्या जाणाऱ्या भाल्याच्या पात्याखाली आडवा दांडा असे, जखमी जनावर भाल्यावरूनच पुढे चाल करून येऊ नये म्हणून; 15 व्या आणि 16 व्या शतकांतील वराह-तलवारींनाही टोकाच्या थोडे मागे तसाच आडवा तुकडा बसवत. तिथे जनावराला रोखायचे होते, इथे आपल्याच बोटांना रोखायचे आहे. खालच्या बाजूला गार्ड निदान दीड सेंटिमीटर बाहेर असावा. मुठीचे मागचे टोकही फुगीर हवे, कारण पाते ओढून काढायलाही बराच जोर लागतो आणि तेव्हा हात उलट दिशेने सुटतो.

पात्यावर लांब खाच ठेवली की हवा आत जाऊन पाते सहज निघते, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. खाचेने पाते हलके होते, बाकी काही होत नाही.

आता चामड्याच्या मुठीबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहीत आहे. रानडुकरांत ब्रुसेला सुइस हा जिवाणू आढळतो आणि तो रक्तातून व इतर स्रावांतून, हातावरच्या लहानशा चिरेमधूनही माणसात शिरतो. त्यातून येणारा ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. चामड्याच्या चकत्या रक्त शोषून घेतात आणि त्यांच्या फटी कितीही धुतल्या तरी स्वच्छ होत नाहीत. मायकार्टा (राळेत दाबलेले कापड) किंवा जी10 (राळेत दाबलेले काचतंतू) यांची, पृष्ठभाग खरखरीत ठेवलेली मूठ घ्या, शेपटी (पात्याचा मुठीत जाणारा भाग) आणि मूठ यांच्या मधली प्रत्येक फट इपॉक्सीने भरा, आणि मित्राला हातमोजे घालायला सांगा. मूठ मोज्यासकट हातात धरूनच मापा. उघड्या हाताला बरोबर बसणारी मूठ मोज्यात नेहमी जाड वाटते.

प्रतिसाद: दूरनेम

कुत्री नसतील तिथे सुरीचा विचारच करू नये, एवढे या चर्चेत नोंदवून ठेवा. मोकळ्या डुकरावर सुरी घेऊन जाणे त्याच्यावरही अन्याय आणि आपल्यावरही. तिथे बंदूकच योग्य.

उत्तर: पोलादकाम

दूरनेम यांच्याशी सहमत आहे. मूळ प्रश्न कुत्र्यांनी धरलेल्या डुकरापुरताच होता.

चामड्याची मूठ रद्द केली. ब्रुसेलाबद्दल वाचल्यावर तिचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. मायकार्टा घेतो, शेपटी मुठीच्या पूर्ण लांबीची ठेवतो आणि गार्ड खाली 16 मिलिमीटर, वर 8 मिलिमीटर करतो. रानवाट यांनी सुचवलेली निमुळती, बिनधारेची पाठ मी नमुन्यावर घासली आणि त्याच भिजवलेल्या चामड्यावर दाबून पाहिली. दुधारीइतका तो नमुना हलका गेला नाही, पण पहिल्या सपाट पाठीच्या मानाने फरक पुष्कळ कमी झाला, आणि गुडघ्याची गोष्ट आठवून मी तेवढा जोर सोसायला तयार आहे. पोलादही 14सी28एन घेतो.

लांबीवर मात्र मी 15 ला येणार नाही. मोठ्या नराची ढाल आणि तिच्याखालची चरबी यांतच बरेच अंतर जाते आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरला पाते कमी पडले तर पुन्हा घाव घालावा लागतो, तो मला नको आहे. 17 ठेवतो. गोलाईही वाढवत नाही. सोलायला वेगळीच सुरी.

प्रतिसाद: रानवाट

17 मला अजूनही जास्तच वाटते, पण पाठ बोथट आणि गार्ड मोठा असेल तर मी ती सुरी हातात घेईन. म्यानाचा विषय राहिला आहे. कायडेक्सचे, म्हणजे तापवून आकार देता येणाऱ्या कडक प्लास्टिकचे, करा, खाली पाणी निथळायला भोक ठेवा आणि सुरी आत घालून म्यान उलटे धरून जोरात झटका. सुरी हलली तर अजून आवळा. झाडीतून वाकून पळताना रिकामे म्यान कमरेला लटकते आहे आणि सुरी मागे कुठेतरी गवतात पडली आहे, हे डुकरापाशी पोहोचल्यावर कळणे फार वाईट असते.