आम्ल घालून ठेवलेल्या पाण्यात ८-१७ डीएनएझाइम चालत नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ८-१७ डीएनएझाइम (एन्झाइमसारखं काम करणारा डीएनएचा धागा) वापरून पाण्यातलं शिसं मोजायचा खटाटोप चालू आहे. रचना नेहमीचीच. सबस्ट्रेटचा, म्हणजे जो कापला जातो तो धागा सगळा डीएनएचा, कापायच्या जागी तेवढा एक राइबो-ए (आरएनएमधला ‘ए’ घटक). त्याच्या टोकाला फॅम हा चमकणारा रंग, एन्झाइमच्या धाग्यावर ती चमक दाबणारा डॅब्सिल (क्वेंचर). शिसं मिळालं की धागा तिथे तुटतो, तुकडा सुटतो आणि चमक वाढते.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिसं घालून केलं तर झकास चालतं. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ४८ नॅनोमोलर. तिथेही फरक कळतो. घोडं अडतं ते खऱ्या नमुन्यांपाशी. शिसं बाटलीला चिकटू नये म्हणून त्यांत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली ठेवलेला असतो. तसेच घातले तर चमक ब्लँकपेक्षाही (शिसं नसलेल्या नमुन्यापेक्षाही) कमी! वेलमध्येच (मोजणीच्या प्लेटच्या खळग्यातच) सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं तर उलट तऱ्हा: ब्लँकही लखलखतो. अल्कलीत राइबो-ए आपोआप तुटत असावा असा माझा अंदाज.

शिवाय उदासीन करताना सोडियम नायट्रेट वाढतं ते वेगळंच. हॅमरहेड राइबोझाइम (असंच कापणारं, पण आरएनएचं एन्झाइम) मॅग्नेशियमशिवाय ४ मोलर लिथियममध्ये चालतं हे १९९८ मध्येच दाखवलंय, म्हणजे ही मंडळी क्षाराला तशी भीत नाहीत. पण इथे शिशाची पकड सैल होत असेल का? कुणी असे नमुने हाताळलेत का?

प्रतिसाद १

आधी फॅमवर संशय घ्या. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) ६.४ च्या आसपास, त्यामुळे आम्लात तो विझतोच. एन्झाइम बिचारं उगाच बदनाम. अल्कलीत राइबो-ए तुटतो हे खरं, पण साध्या तापमानाला त्याला बराच वेळ लागतो. ब्लँक लगेच चढत असेल तर दोन्ही धागे नुसते सुटे झाले असणार. पीएच १२ च्या पुढे दोन धाग्यांना जोडणाऱ्या बेसच्या जोड्या टिकत नाहीत.

युरिया-पेज जेल (धाग्याचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं) चालवा, धागा खरंच तुटलाय का ते तिथे स्पष्ट दिसेल. नमुना वेगळ्या नळीत उदासीन करा, पीएच मोजा आणि मगच हेपेस बफरमध्ये डीएनए घाला. फॉस्फेट बफर नको, शिसं खाली बसेल. ब्लँकलाही तेवढंच आम्ल-अल्कली दाखवा, म्हणजे क्षार सारखा राहील. जमलं तर फॅमऐवजी टॅमरा हा दुसरा चमकणारा रंग, त्याला जुळणाऱ्या क्वेंचरसकट.

धागाकर्ता

ब्लँक लगेचच चढतो, मिनिटभरातच. जेल उद्याच लावतो. टॅमरा लावलेला ऑलिगो (डीएनएचा छोटा धागा) मागवायला मॅडमची परवानगी लागेल.