नाव 'पालो व्हर्दे'च ठेवा, पण भिंती हिरव्या नकोत

अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातल्या घराला काय नाव द्यावं आणि ते कसं असावं, अशी इथे चर्चा चाललीय. तिथल्याच 'पालो व्हर्दे' या हिरव्या सालीच्या झाडाचं नाव द्यायला माझंही अनुमोदन. पण चर्चेत कुणी सुचवलंय तशा सगळ्या भिंती हिरव्या रंगवू नका, प्लीज! या झाडाकडून घ्यायची ती सावली. पानं एवढीएवढीशी, पाण्याची ओढ पडली की तीही गळतात. मग हिरवी सालच अन्न तयार करते. त्यामुळे खाली पडणारी सावली चाळणीतून गाळल्यासारखी. त्या विरळ आडोशाला सग्वारो निवडुंगाची रोपं तग धरतात. पश्चिमेच्या ओसरीवर पत्र्याऐवजी फटी ठेवून लाकडी पट्ट्या टाका, उकाडा कोंडणार नाही. फुलांचा पिवळा रंग हवाच असेल तर फक्त दाराला. लॉनचं मात्र नावच काढू नका.